‘हॅव’ नेमकं कुठे आणि कसं वापरायचं: मराठी वाक्यापासून इंग्रजी वाक्यापर्यंत

डॉक्टरांना ‘मला तीन दिवसांपासून ताप आहे’ एवढंच सांगायचं असतं आणि इंग्रजीत तोंडून निघतं, ‘आय ॲम हॅविंग फीवर सिन्स थ्री डेज.’ डॉक्टरांना ते कळतं, औषधही मिळतं. पण या वाक्यात ‘ॲम हॅविंग’ चुकलं आहे, काळ चुकला आहे आणि ‘सिन्स’ही चुकला आहे. बरोबर वाक्य आहे ‘आय हॅव हॅड अ फीवर फॉर थ्री डेज’. त्यातला ‘हॅव हॅड’ पाहून भलेभले बिचकतात आणि पुन्हा ‘ॲम हॅविंग’कडे वळतात.

इंग्रजीत ‘ॲम, इज, आर’ यांच्या खालोखाल सर्वांत जास्त वापरलं जाणारं क्रियापद म्हणजे ‘हॅव’. आपल्या शाळांमध्ये ‘हॅव म्हणजे जवळ असणे’ असं एका ओळीत शिकवून पुढे जातात, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते. ‘हॅव’चा अर्थ पाठ करून फारसा उपयोग नाही. मराठी वाक्याची कोणती घडण इंग्रजीत ‘हॅव’कडे जाते, ते ओळखता यायला हवं. ते जमलं की बाकीचे नियम एकामागून एक आपोआप जागेवर बसतात. म्हणून हा लेख मराठी वाक्यापासून सुरू होतो.

पहिली पायरी: माणूस शोधा, त्याचा प्रत्यय काढा

मराठीत ‘हॅव’सारखं क्रियापदच नाही. आपण सगळं ‘असणे’ या एका क्रियापदावर भागवतो आणि फरक दाखवतो तो प्रत्ययांनी. तिला तीन भाऊ आहेत. माझ्याकडे वेळ नाही. आजोबांचं गावाला घर आहे. त्याच्याजवळ सुटे पैसे आहेत. तिच्यात धाडस आहे. खोलीला एकच खिडकी आहे. ला, कडे, चं, जवळ, त… प्रत्येक ठिकाणी नातं वेगळं आहे. नातेवाइकांसाठी ‘ला’, हाताशी असलेल्या वस्तूसाठी ‘कडे’ किंवा ‘जवळ’, मालकीसाठी ‘चा-ची-चं’, अंगच्या गुणासाठी ‘त’. इंग्रजी यातला कुठलाच फरक करत नाही. तिथे या सगळ्यांसाठी ‘हॅव’ चालतं.

तेव्हा करायचं एवढंच: वाक्यात ज्याला हे प्रत्यय लागले आहेत तो माणूस किंवा ती वस्तू शोधा, प्रत्यय काढून टाका आणि त्याला वाक्याच्या सुरुवातीला बसवा. ‘तिला’मधली ‘ती’ पुढे आली की ‘शी हॅज थ्री ब्रदर्स’. ‘माझ्याकडे’मधला ‘मी’ पुढे आला की ‘आय डोन्ट हॅव टाइम’. ‘खोलीला’मधली ‘खोली’ पुढे आली की ‘द रूम हॅज ओन्ली वन विंडो’. ‘तिचे केस लांब आहेत’ हेसुद्धा याच रांगेतलं आहे: ‘शी हॅज लाँग हेअर’. इथे ‘हेअर्स’ म्हणू नका. डोक्यावरचे सगळे केस मिळून इंग्रजीत ते एकवचनीच असतात.

आता एक सापळा, ज्याकडे व्याकरणाची पुस्तकं क्वचितच लक्ष वेधतात. मराठीत क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं. ‘तिला तीन भाऊ आहेत’ यात ‘आहेत’ हे अनेकवचन भावांमुळे आलं. इंग्रजीत मात्र क्रियापद पुढे बसवलेल्या माणसाप्रमाणे चालतं. मनात ‘आहेत’ घोळत असलं की ‘शी हॅव थ्री ब्रदर्स’ असं सहज निघून जातं. उलट ‘त्यांच्याकडे एक गाडी आहे’ मधल्या ‘आहे’मुळे ‘दे हॅज अ कार’ होतं. ही चूक निष्काळजीपणाची नाही, ती थेट मातृभाषेतून येते. म्हणून ‘हॅव’ की ‘हॅज’ ठरवताना भाऊ किती आणि गाड्या किती हे मोजूच नका. ही, शी, इट किंवा कुणा एका माणसाचं वा वस्तूचं नाव असेल तर ‘हॅज’, बाकी सगळीकडे ‘हॅव’. भूतकाळात सर्वांना ‘हॅड’.

‘मला’ दिसलं म्हणून प्रत्येक वेळी ‘हॅव’ नव्हे

मला भूक लागली आहे, मला थंडी वाजते आहे, मला भीती वाटते, मला राग आला आहे. इथेही ‘मला’ आहे, पण इंग्रजी या सगळ्यांना ‘ॲम’ लावतं: आय ॲम हंग्री, आय ॲम कोल्ड, आय ॲम अफ्रेड, आय ॲम अँग्री. ढोबळ खूण अशी की मनाला किंवा शरीराला त्या क्षणी जे जाणवतं त्याला ‘ॲम’, आणि ज्याला आजार, दुखणं किंवा त्रास म्हणून नाव आहे त्याला ‘हॅव’. थंडी आणि सर्दी ही जोडी लक्षात ठेवली तर ही खूण विसरणार नाही. ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजते आहे, ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली आहे. डोकं दुखत असेल तर ‘आय हॅव अ हेडेक’. मधुमेह असेल तर ‘आय हॅव डायबेटिस’, आणि इथे ‘अ’ नाही. सर्दी, ताप, खोकला, डोकेदुखी यांच्याआधी ‘अ’ येतो. मलेरिया, डायबेटिस, न्यूमोनिया यांसारख्या रोगांच्या नावांआधी येत नाही.

जागेबद्दलची वाक्यंही थोडी वेगळी आहेत. ‘आमच्या गावात तीन शाळा आहेत’ यातला ‘त’ ठिकाण दाखवतो, म्हणून ‘देअर आर थ्री स्कूल्स इन अवर व्हिलेज’ हे सरळ भाषांतर झालं. गावाला पुढे बसवून ‘अवर व्हिलेज हॅज थ्री स्कूल्स’ म्हटलं तरी चालतं. दोन्ही बरोबर आहेत.

दुसरी पायरी: प्रश्न आणि नकार

‘जवळ असणे’ या अर्थी ‘हॅव’ हे साधंसुधं क्रियापद आहे, ‘गो’ किंवा ‘ईट’सारखं. त्यामुळे त्याला प्रश्नात आणि नकारात ‘डू, डज, डिड’ची मदत लागते: डू यू हॅव अ पेन? डज शी हॅव अ पासपोर्ट? आय डिडन्ट हॅव एनी मनी.

मदतीला ‘डज’ किंवा ‘डिड’ आलं की एकवचन आणि भूतकाळ दोन्हींची जबाबदारी त्यांनी उचलली. मागे फक्त कोरं ‘हॅव’ उरतं. ‘डज शी हॅज’ आणि ‘आय डिडन्ट हॅड’ ही वाक्यं इतक्या वेळा कानावर पडतात की ती खटकेनाशी होतात. तसं होऊ देऊ नका. ‘विल’, ‘कॅन’, ‘शुड’ यांच्यानंतरही कोरं ‘हॅव’च येतं.

ब्रिटिश बोलण्यात ‘हॅव यू गॉट अ पेन?’ आणि ‘आय हॅव गॉट अ मीटिंग’ असं सर्रास ऐकू येतं. त्याचा अर्थ तोच आहे. फक्त हे रूप वर्तमानकाळापुरतंच वापरा. भूतकाळात त्यांच्याही तोंडी साधं ‘हॅड’ येतं. स्वतः बोलताना ‘डू यू हॅव’ हेच धरून ठेवावं असं मी सुचवेन. ते लंडनमध्येही चालतं आणि न्यूयॉर्कमध्येही.

तिसरी पायरी: ‘हॅविंग’ची परीक्षा

आता ‘ॲम हॅविंग’कडे. ‘आय ॲम हॅविंग अ कार’, ‘वी आर हॅविंग टेन ब्रांचेस’, ‘शी इज हॅविंग गुड नॉलेज’ अशी वाक्यं आपल्याकडच्या कार्यालयांत रोज बोलली जातात. भारतात ती समजतात, कुणी हसतही नाही. पण परदेशी माणसाला पत्र लिहिताना, मुलाखतीत किंवा आयईएलटीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेत ती चूकच धरली जातात, आणि त्या परीक्षेत बोलण्याचे गुण ज्या चार कसोट्यांवर दिले जातात त्यांतली एक व्याकरणाची आहे. सवय मोडणं अवघड नाही, कारण तिची चावी आपल्याच भाषेत आहे.

मराठीत ‘माझ्याकडे गाडी असत आहे’ असं आपण कधी म्हणतो का? ‘तिला तीन भाऊ असत आहेत’? नाही म्हणत. ‘असणे’ ही स्थिती आहे, ती चालू-बंद होत नाही, म्हणून मराठीही तिला ‘त आहे’ जोडत नाही. मग इंग्रजी करताना ‘आयएनजी’ कुठून आणायचा? मराठी वाक्यात नुसतं ‘आहे’ असेल तर ‘हॅविंग’ नको. आय हॅव अ कार. वी हॅव टेन ब्रांचेस. आय हॅव अ फीवर.

उलट बाजूही तितकीच पक्की आहे. मराठीत ‘त आहे’ किंवा ‘तोय-तेय’ सहज येत असेल, तर ‘हॅविंग’ बिनधास्त वापरा. आम्ही जेवतोय: वी आर हॅविंग लंच. मला लॉगइन करायला अडचण येतेय: आय ॲम हॅविंग ट्रबल लॉगिंग इन. मुलं मजा करतायत: द किड्स आर हॅविंग फन. आज रात्री आमच्याकडे पाहुणे येतायत: वी आर हॅविंग गेस्ट्स टुनाइट. इथे ‘हॅव’चा अर्थ जवळ असणे हा नाही, खाणं, अनुभवणं, घडवून आणणं असा काहीतरी चालू प्रकार आहे.

या परीक्षेचं सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे ‘शी हॅज अ बेबी’ आणि ‘शी इज हॅविंग अ बेबी’. पहिल्याचा अर्थ तिला बाळ आहे. दुसऱ्याचा अर्थ तिला बाळ होणार आहे, किंवा या घडीला होतंय. सरसकट ‘हॅविंग’ वापरणाऱ्याने तान्ह्या बाळाच्या आईबद्दल दुसरं वाक्य म्हटलं, तर ऐकणारा तिला दुसऱ्या बाळाच्या शुभेच्छा देऊन मोकळा होईल.

‘चहा घेणार का?’

खाण्यापिण्याच्या बाबतीत मराठी आणि ‘हॅव’ यांचं छान जमतं. आपण पाहुण्याला ‘चहा पिणार का?’ यापेक्षा ‘चहा घेणार का?’ असं विचारतो. हे ‘घेणं’ म्हणजे नेमकं ‘हॅव’: विल यू हॅव सम टी? हॉटेलात ‘तुम्ही काय घेणार?’ म्हणजे ‘व्हॉट विल यू हॅव?’ ‘ईट’ आणि ‘ड्रिंक’ चूक नाहीत, पण आग्रहात आणि आतिथ्यात ‘हॅव’ जास्त मऊ वाटतं. औषधाला मात्र ‘हॅव’ लावू नका. गोळी आपणही ‘घेतो’, पण इंग्रजीत तिथे ‘टेक’ असतं.

‘जेवण झालं का?’ हा आपल्याकडे निम्मा नमस्कारच असतो. त्याचं इंग्रजी ‘हॅव यू हॅड लंच?’ अमेरिकन माणूस बहुधा ‘डिड यू हॅव लंच?’ म्हणेल. ‘हॅव यू टेकन युअर फूड?’ हे मात्र भारताबाहेर विचित्र वाटतं.

याशिवाय ‘हॅव’ कितीतरी नामांना नुसता हात देतं आणि खरा अर्थ नामात राहतो: हॅव अ लुक म्हणजे एक नजर टाकणे, हॅव अ रेस्ट म्हणजे विसावा घेणे, हॅव अ वर्ड म्हणजे बाजूला घेऊन दोन शब्द बोलणे. ब्रिटिश ‘हॅव अ बाथ’ म्हणतात, अमेरिकन ‘टेक अ बाथ’. या जोड्यांना नियम शोधू नका. वाचता-ऐकता त्या अंगवळणी पडतात.

चौथी पायरी: ‘हॅव’ आणि तिसरं रूप

इथून ‘हॅव’ मदतनीस होतं आणि त्याच्यापुढे मुख्य क्रियापदाचं तिसरं रूप येतं, म्हणजे ‘सी-सॉ-सीन’मधलं ‘सीन’. ‘मी तो सिनेमा पाहिला आहे’: आय हॅव सीन दॅट फिल्म. प्रश्नात आता ‘डू’ लागत नाही, ‘हॅव’ स्वतःच पुढे येतं: हॅव यू सीन इट? नकारातही स्वतःच ‘नॉट’ घेतं: आय हॅवन्ट सीन इट. दुसऱ्या पायरीतलं ‘हॅव’ आणि हे ‘हॅव’ यांची गल्लत होऊ नये म्हणून पुढचा शब्द पाहा. पुढे नाम असेल तर ते मुख्य क्रियापद आहे, तिसरं रूप असेल तर मदतनीस.

‘हॅव हॅड’ची भीती इथेच संपते. पहिलं ‘हॅव’ मदतनीस, दुसरं ‘हॅड’ हे मुख्य ‘हॅव’चं तिसरं रूप. ‘आय हॅव हॅड लंच’ आणि ‘आय हॅव ईटन लंच’ यांची बांधणी एकच आहे. ‘हॅड हॅड’सुद्धा असंच तयार होतं.

मराठीचं ‘लं आहे’ आणि इंग्रजीचं ‘हॅव’ बऱ्याचदा जुळतं, पण तीन ठिकाणी वाटा फुटतात, आणि आपली बहुतेक इंग्रजी वाक्यं याच तीन ठिकाणी घसरतात.

पहिलं ठिकाण म्हणजे ठरावीक वेळ. ‘मी त्याला काल पाहिलं आहे’ हे मराठीत चालतं. इंग्रजीत काल, गेल्या वर्षी, २०१९ मध्ये, लहानपणी असा संपून गेलेल्या वेळेचा शब्द आला की ‘हॅव’ निघून जातं: आय सॉ हिम येस्टरडे. ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ कधीच नाही. ‘हॅव’चं हे रूप आजशी जोडलेलं असतं, आणि ‘काल’ म्हटल्याबरोबर तो जोड तुटतो.

दुसरं ठिकाण ‘होतं’. ‘मी काल तुम्हाला फोन केला होता’, ‘गेल्या आठवड्यात आम्ही नाशिकला गेलो होतो’. मराठीत हा ‘होता’ नुसतं घडून गेलेलं सांगतो. त्यामुळे आपण लिहितो ‘आय हॅड कॉल्ड यू येस्टरडे’, ‘वी हॅड गॉन टू नाशिक लास्ट वीक’. कार्यालयीन मेलमध्ये तर प्रत्येक दुसरं वाक्य ‘आय हॅड सेंट’ने सुरू होतं. इंग्रजीत ‘हॅड’ आणि तिसरं रूप हे भूतकाळातल्या एका घटनेच्याही आधीची घटना सांगण्यासाठी आहे. ‘आम्ही स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडी गेली होती’ यात दोन घटना आहेत आणि गाडी आधी गेली, म्हणून ‘द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन वी रीच्ड द स्टेशन’. एकटीच घटना सांगायची असेल तर साधा भूतकाळ: आय कॉल्ड यू येस्टरडे. मेल पाठवण्याआधी त्यातले सगळे ‘हॅड’ शोधा आणि प्रत्येकाला विचारा, ‘तू कशाच्या आधी?’ उत्तर मिळालं नाही तर खोडा. लेखनात इतका चटकन फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती मला माहीत नाही.

तिसरं ठिकाण ‘पासून’. ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’. मराठीत वर्तमानकाळ, म्हणून इंग्रजीतही ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स’. इंग्रजीला मात्र मागे सुरू होऊन आजवर चालत आलेली गोष्ट सांगायला ‘हॅव’ लागतंच: आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स. शिवाय आपला ‘पासून’ दोन कामं करतो. ‘सोमवारपासून’ यात सुरुवातीचा बिंदू आहे, तिथे ‘सिन्स’: सिन्स मंडे. ‘पाच वर्षांपासून’ यात लांबी आहे, तिथे ‘फॉर’. ‘गेली पाच वर्षं’ असं म्हणून पाहा. वाक्य जमलं तर ‘फॉर’. ‘गेला सोमवार मला ताप आहे’ जमत नाही, म्हणून ‘सिन्स मंडे’.

कृती असेल तर ‘हॅव बीन’ आणि ‘आयएनजी’: हॅव बीन टीचिंग, हॅव बीन वेटिंग. असणं, माहीत असणं, ओळख असणं अशी स्थिती असेल तर नुसतं तिसरं रूप: आय हॅव नोन हिम फॉर इयर्स. ताप असणं ही स्थितीच, आणि ‘हॅव’चं तिसरं रूप ‘हॅड’. म्हणूनच ते डॉक्टरांपुढचं वाक्य ‘आय हॅव हॅड अ फीवर फॉर थ्री डेज’ असं होतं.

जाता जाता ‘गॉन’ आणि ‘बीन’. ‘शी हॅज गॉन टू दुबई’ म्हणजे ती दुबईला गेली आहे, इथे नाही. ‘शी हॅज बीन टू दुबई’ म्हणजे ती जाऊन आली आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाला ‘हॅव यू गॉन टू दुबई?’ विचारण्यात अर्थ नाही. ‘हॅव यू एव्हर बीन टू दुबई?’ विचारा.

पाचवी पायरी: ‘लागतं’ म्हणजे ‘हॅव टू’

‘मला रोज सहाला उठावं लागतं’: आय हॅव टू गेट अप ॲट सिक्स एव्हरी डे. आपलं ‘लागणं’ आणि ‘हॅव टू’ जवळपास तंतोतंत जुळतात, काळासकट. लागलं म्हणजे ‘हॅड टू’, लागेल म्हणजे ‘विल हॅव टू’, लागतं का म्हणजे ‘डू यू हॅव टू’. उच्चार मात्र नीट ऐका. इथे ‘व’चा ‘फ’ होतो आणि ऐकू येतं ‘हॅफ टू’. ‘हॅज टू’चं ‘हॅस टू’. इंग्रजी ऐकताना या उच्चारामुळेही गोंधळ होतो.

जपायची जागा म्हणजे नकार. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ याचा अर्थ यायची गरज नाही, आलात तर हरकत नाही. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे यायचं नाही, मनाई आहे. मराठीत ‘यायला नको’ या एका वाक्यातून सुरावर दोन्ही अर्थ निघतात, म्हणून इंग्रजी करण्याआधी मनाशी ठरवा की गरज नाही म्हणायचंय की मनाई आहे.

दुसरी जोडी ‘जावं लागलं’ आणि ‘जायला हवं होतं’. पहिल्यात माणूस गेला: ही हॅड टू गो. दुसऱ्यात गेला नाही आणि त्याची खंत आहे: ही शुड हॅव गॉन. ‘शुड हॅव’ बोलताना ‘शुडव’ असं आखडतं आणि कानाला ‘शुड ऑफ’सारखं लागतं. जन्माने इंग्रजी बोलणारेही कधीकधी ‘ऑफ’ लिहून बसतात. आपण ‘हॅव’च लिहायचं. ‘कुड हॅव’ आणि ‘वुड हॅव’चंही तसंच.

सहावी पायरी: करून घेणं

‘मी काल केस कापले.’ न्हाव्याकडे जाऊन आल्यावर आपण असं म्हणतो आणि कुणाचा गैरसमज होत नाही. ‘आय कट माय हेअर’ ऐकून मात्र इंग्रजी माणसाला वाटेल, तुम्ही आरशासमोर कात्री घेऊन बसलात. त्याला हवं असतं ‘आय हॅड माय हेअर कट’. मराठीतही ही रचना आहे: कापून घेतले, शिवून घेतला, तपासून घेतले. हे ‘घेणं’ दिसलं की ‘हॅव’, मग वस्तू, मग तिसरं रूप. ब्लाउज शिवून घेतला: शी हॅड अ ब्लाउज स्टिच्ड. गाडी सर्व्हिसिंग करून घ्यायची आहे: आय वाँट टू हॅव माय कार सर्व्हिस्ड.

शब्दांचा क्रम इथे सर्वस्व आहे. ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणजे कापून घेतले. ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हणजे मी आधीच, स्वतः, कापले होते. जुन्या इंग्रजीत चौथ्या पायरीतलं रूपसुद्धा असल्याच क्रमातून निघालं. ‘माझ्याकडे पत्र आहे, लिहिलेलं’ अशी ती मूळ कल्पना होती, पुढे शब्द सरकले आणि ‘मी पत्र लिहिलं आहे’ झालं. आपणही अजून ‘पत्र लिहिलं आहे’ पण ‘चिठ्ठी लिहिली आहे’ असं पत्राच्या आणि चिठ्ठीच्या लिंगाप्रमाणे बोलतो. लिहिलेल्या वस्तूचं ते वर्णन आहे याची ती उरलेली खूण.

वस्तूऐवजी माणूस आला तर पुढे तिसरं रूप नको, मूळ रूप हवं: आय विल हॅव माय असिस्टंट कॉल यू. म्हणजे माझ्या सहायकाला तुम्हाला फोन करायला सांगतो. हे फक्त ज्याचं ते काम आहे किंवा जो आपलं ऐकेल त्याच्याबद्दल बोलावं. आपल्याशिवाय, नकोसं घडलेलंही याच साच्यात सांगता येतं: शी हॅड हर पर्स स्टोलन, तिची पर्स चोरीला गेली.

थोडक्यात उरलेलं

‘यू हॅड बेटर रिप्लाय टुडे’ यात ‘हॅड’ असलं तरी गोष्ट आजची आहे आणि ‘बेटर’ असलं तरी सूर सौम्य नाही. ‘उत्तर द्या, नाहीतर बघा’ अशी त्याला धार आहे. वरिष्ठांना किंवा ग्राहकाला हे लिहू नये; ‘इट वुड बी ग्रेट इफ यू कुड रिप्लाय टुडे’ लिहावं.

‘हीज’, ‘शीज’ असं आखडलेलं ऐकलं की पुढचा शब्द पाहा. तिसरं रूप असेल तर ‘हॅज’, ‘आयएनजी’ असेल तर ‘इज’. ‘आयड’मध्ये पुढे तिसरं रूप असेल तर ‘हॅड’, मूळ रूप असेल तर ‘वुड’. ‘इज’नंतरही कधी तिसरं रूप येतं, पण तिथे कुणीतरी त्याच्यावर काही केलेलं असतं, संदर्भाने ते कळतं.

‘काम संपवून तो घरी गेला’ यातल्या ‘ऊन’ला लेखी इंग्रजीत ‘हॅविंग’ आणि तिसरं रूप चालतं: हॅविंग फिनिश्ड द वर्क, ही वेंट होम. दोन्ही क्रिया एकाच माणसाच्या असल्या पाहिजेत. बोलताना ‘आफ्टर फिनिशिंग’ पुरतं.

आता करून पाहा

पुढच्या सात वाक्यांचं आधी स्वतः, मोठ्याने इंग्रजी करा. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. बाबा ऑफिसला गेलेत. मी काल तुम्हाला मेल पाठवली होती. उद्या डबा आणायची गरज नाही. मी डोळे तपासून घेतले. ती दहा वर्षांपासून या शाळेत शिकवते. आईला डायबेटिस आहे, त्यामुळे तिला रोज चालावं लागतं.

बिल्डिंग एक, म्हणून ‘अवर बिल्डिंग डजन्ट हॅव अ लिफ्ट’. बाबा अजून परतले नाहीत, म्हणून ‘डॅड हॅज गॉन टू द ऑफिस’. मेलचं वाक्य ‘काल’ आणि एकटी घटना यांमुळे ‘आय सेंट यू ॲन ईमेल येस्टरडे’. इथे ‘हॅव’ नाही, ‘हॅड’ नाही. डब्याला मनाई नाही, फक्त गरज नाही: यू डोन्ट हॅव टू ब्रिंग लंच टुमॉरो. डोळे दुसऱ्याने तपासले: आय हॅड माय आइज टेस्टेड. शिकवणं ही कृती आणि दहा वर्षं ही लांबी, म्हणून ‘शी हॅज बीन टीचिंग ॲट दिस स्कूल फॉर टेन इयर्स’.

शेवटच्या वाक्यात ‘आईला’ आणि ‘तिला’ या दोन्हींचे प्रत्यय काढायचे आहेत: माय मदर हॅज डायबेटिस, सो शी हॅज टू वॉक एव्हरी डे. पहिलं ‘हॅज’ स्पष्ट उच्चारा, दुसऱ्याचं ‘हॅस टू’ होऊ द्या.